गडग्यापलीकडची राई

आमच्या डोंगरावर कुठलं झाड कुणाचं, हे खोडाकडे पाहून सांगता यायचं. छातीच्या उंचीवर भोक असेल, किंवा भोक भरून आल्याची बेंबीसारखी खूण असेल, तर ते झाड माझ्या आत्याचं. खोड कोरं असेल तर माझ्या वडिलांचं. आजोबांनी वाटणी अशी करून ठेवली होती. जमीन सगळी मुलाच्या नावावर, तिच्यावरच्या मेपल झाडांचा रस, पाक करायचा तो, मुलीचा. आणि ज्या झाडाला रसासाठी एकदा भोक पाडलं, त्याला मुलाने कुऱ्हाड लावायची नाही. वकिलाच्या कागदावर यातलं फक्त जमिनीचं होतं. बाकीचं आजोबा जेवणाच्या टेबलावर बोलले होते आणि दोघा भावंडांनी माना हलवल्या होत्या. व्हरमाँटच्या आमच्या उत्तर टोकाला तेवढं पुरत असे. तीस वर्षं पुरलं.

डोंगराच्या कमरेला दगडी गडगा आडवा गेला होता. गडग्याखालची हजारभर झाडं भोकांची. वरची राई कोरी. आजोबांनीच ती लाकडासाठी राखली होती: सरळ, उंच, दोन मजल्यांपर्यंत फांदी नाही अशी झाडं. असं लाकूड चांगल्या घरांच्या तक्तपोशीला जातं, व्हायोलिनच्या पाठीला जातं. भोक पडलं की आत तपकिरी पट्टा चढत जातो आणि मग त्या खोडाला कुणी विचारत नाही. म्हणून गिरमिट घेऊन गडगा ओलांडायचा नाही, हे आत्याला चालता यायला लागल्यापासून ठाऊक होतं.

आत्याचं नाव ऑर्फा टेनी. ती जन्मली मार्चमध्ये, पहिला रस धो धो सुटलेला असताना. आजोबा हातात पळी घेऊनच तिला बघायला घरात आले आणि मुलगी आहे एवढं कळल्यावर, काहील करपेल म्हणून, तसेच गुऱ्हाळात परत गेले. हे तीच सांगायची, तक्रार म्हणून नाही. तिनेही तेच केलं असतं.

चौदाव्या वर्षी ती काहिलीपाशी उभी राहिली आणि मग तिथून हललीच नाही. दर मार्चला तिची शाळा बुडायची. "अपूर्णांक मार्चमध्ये शिकवायचे," ती म्हणायची, "म्हणून मला अर्धंमुर्धं काही येत नाही." खरंच येत नसे. माणूस तिला पूर्ण आवडायचा किंवा पूर्ण नावडायचा, आणि नावडणाऱ्यांची रांग लांब होती.

एकदा तिला मागणी आली होती. दूध गोळा करणाऱ्या गाडीवरचा हार्लन पाइक नावाचा माणूस, सगळे सांगतात की देखणा होता. तो गुऱ्हाळाच्या दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला तेव्हा रस उतू येत होता. आत्याने दोऱ्याला बांधलेला चरबीचा तुकडा फेसावर सोडला, फेस बसला, आणि मग ती त्याला म्हणाली, "कळ्या फुगेपर्यंत थांब." मेपलच्या कळ्या फुगल्या की रसाला उग्र वास येतो आणि चुलाण विझवावं लागतं, एरवी ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात होतं. त्या वर्षी थंडी लांबली. चोवीस एप्रिलपर्यंत चुलाण पेटतं राहिलं. तोवर हार्लनने खालच्या गावातल्या दुकानदाराच्या मुलीला अंगठी दिली होती.

"मग? तुला वाईट नाही वाटलं?" मी एकदा विचारलं होतं.

"रस फार झाला त्या वर्षी," ती म्हणाली.

तिच्यासारखा पाक आमच्या गावात कुणी काढला नाही. बुडबुडे मोठे होते ते बारीक कधी झाले, हे ती दुसरीकडे बघत असतानाही तिला कळायचं. पळी उचलून ती तिरकी धरायची. थेंब पडले तर अजून वेळ आहे. थेंब एकमेकांना चिकटून पळीच्या काठावरून पडद्यासारखे लोंबले की झालं. ती जिभेवर घेऊन सांगायची: हा ओढ्याकडच्या झाडांचा, हा खडकाकडच्या. आम्हाला सगळा सारखाच गोड लागायचा. त्यावर ती म्हणायची, "तुम्ही टेनी नाही, तुम्ही गिऱ्हाईक आहात."

वडिलांचं नाव लायमन. आत्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. त्यांच्याकडे गायी होत्या. साठी उलटल्यावर गायी गेल्या, कारण गुडघे आधीच गेले होते. आईला धाप लागायची, जिना चढवत नव्हता. दोघांना खालच्या गावात एकमजली घर हवं होतं. मी तोवर शाळेत शिकवायला लागले होते, दर शनिवारी घरी यायचे. त्यामुळे पुढचं बरंच माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

जानेवारीतला शनिवार होता. आत्या बटाटे सोलत होती.

"वरची राई देतोय," वडील म्हणाले. "लाफ्लॅम परवा खुणा करायला येतोय."

लाफ्लॅम म्हणजे आमच्याकडचा लाकडाचा व्यापारी.

"उभी देतोयस की आडवी?" आत्याने मान वर न करता विचारलं.

"आडवी. उभी घेऊन तो काय करणार?"

"आणि ओंडके खाली कसे आणणार तो? पाठीवर?"

"तुझ्या राईतून रस्ता काढेल. रुंद नाही फार."

"रुंद नाही," आत्या म्हणाली. "त्याचं यंत्र केवढं असतं माहितेय? मुळं ठेचत जाईल दोन्हीकडची. आणि वरचं सगळं कापलं की वायव्येचा वारा थांबवणार कोण, तू? तो सरळ माझ्या झाडांवर येईल. पाच वर्षांत अर्धी उन्मळतील."

"वारा काही तुझ्या एकटीसाठी वाहत नाही, ऑर्फा."

"नाही ना. पण झोपवणार माझीच झाडं."

"माझी राई मी विकतोय. तुझ्या एकाही झाडाला हात लावत नाहीये. आपलं जे ठरलंय ते ठरलंय."

"हो, हो. तुझा शब्द म्हणजे शब्द. गुडघे मात्र तसे नाहीत तुझे."

आई म्हणाली, "बटाटे पुरेत," आणि बोलणं संपलं. आत्याने आणखी चार सोलले.

लाफ्लॅम आला आणि वरच्या राईत निळ्या रंगाचे ठिपके मारून गेला. बर्फ वितळून जमीन वाळली की करवती येणार होत्या.

फेब्रुवारीच्या मध्यावर मी आले तेव्हा वरून ठोकण्याचा आवाज येत होता. थंडीत आवाज फसवतो, कुठूनही आल्यासारखा वाटतो. मी बर्फातले बूट चढवले आणि गेले. गडग्यापर्यंत पोचले तरी आवाज वरच होता.

आत्या राईच्या मधोमध उभी होती. हातातलं गिरमिट जुनं, आजोबांचं, मुठीवरचं लाकूड झिजून काळं झालेलं. प्रत्येक झाडावर एक निळा ठिपका आणि ठिपक्याखाली एक भोक, आणि भोकात ठोकलेली तोटी. पांढऱ्या बर्फावर पांढरा भुसा.

"आत्या, हे काय?"

"मास्तरीण ना तू? दिसत नाही?"

"बाबांची झाडं आहेत ही."

"होती." तिने गिरमिट पुढच्या खोडाला लावलं आणि छातीचा भार त्यावर टाकला. "चारशे बारा झाली. ही ओळ संपली की मग पलीकडची, बर्चच्या झाडांच्या बाजूची."

"तोट्या कशाला ठोकतेस? नुसतं भोक पाडलं तरी लाकूड वाया जाणारच."

ती थांबली. तोट्यांच्या पिशवीकडे तिने असं पाहिलं, जणू ती कुणी तिच्या खांद्याला अडकवली हे तिला माहीत नव्हतं.

"भोक पाडलं की तोटी ठोकायची," ती म्हणाली. "उघडी भोकं काय, सुतारपक्षीही पाडतो."

मग म्हणाली, "बापाला सांगणार असशील तर जेवणाआधी सांग. जेवल्यावर त्याला नीट रागावता येत नाही."

मी खाली आले. वडील स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभे होते. मला काही सांगावं लागलं नाही.

"सोमवारपासून ऐकतोय," ते म्हणाले.

"मग थांबवलं का नाही तिला?"

"वर जायला निघालो दोनदा. गुडघे गडग्याशी थांबतात."

ते खरं होतं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. ट्रॅक्टर होता. हाक मारता आली असती.

लाफ्लॅमला बातमी गेलीच. तो आला, राईत हिंडला, एका भोकात करंगळी घालून त्याने खोली मोजली आणि खाली येऊन आमच्या अंगणात उभा राहिला. आत्या पायरीवर बसून तोट्या पुसत होती.

"ऑर्फा, एवढी हौस होती तर मला सांगायचंस. मोठी भोकं पाडून दिली असती."

"तुझं गिरमिट बोथट आहे, सगळं गाव सांगतं."

लाफ्लॅम मोठ्याने हसला. मग वडिलांकडे वळून हळू म्हणाला, "लायमन, खालचे आठ फूट गेले. आणि खालचे आठ फूटच तर मला हवे होते. आता राहिलं ते जळण. जळणासाठी मी इतका डोंगर चढत नाही."

गाडी गेल्यावर वडील तिला एवढंच म्हणाले, "झालं समाधान?"

"झालं," आत्या म्हणाली. पुढे तीन आठवडे भावंडं एकमेकांशी बोलली नाहीत. मीठ हवं असलं तर आईकडे मागायची.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात रात्री गोठायला आणि दिवसा ऊन पडायला लागलं. रस सुटला. आत्याने खालच्या झाडांना बादल्या टांगल्या. वरच्या राईसाठी बादल्या नव्हत्याच. त्या झाडांचा रस तिला नकोच होता, तिला फक्त खोडं बिघडवायची होती. वरच्या सहाशे तोट्यांतून रस बर्फावर ठिबकत राहिला आणि प्रत्येक खोडाखाली बर्फात एकेक खळगा पडत गेला.

दोन दिवस ती वर गेली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पाहते तर ती कोठारातून दुधाचे कॅन ओढत काढत होती. मग रंगाचे डबे धुतले, चरबीचे डबे, आईची लोणच्याची दोन मोठी भांडी, शेजाऱ्यांच्या पडीक बादल्या. मी शाळेत सुट्टी टाकली. आम्ही दोघी तीन दिवस चढत-उतरत होतो.

"नको होता ना तुला?" मी धापा टाकत विचारलं.

"मला नको होता," ती म्हणाली. "पण सांडतोय."

वरच्या राईचा रस तिने वेगळा आटवला. तिला सवयीने वाटत होतं, चाळीस बादल्या रसाची एक बादली पाक होईल. सव्वीस बादल्यांनाच पळीवर पडदा धरला. तिने पुन्हा पळी बुडवली, पुन्हा धरली. मग जिभेवर घेतला. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. पळी काहिलीवर आडवी ठेवून ती बाहेर गेली आणि लाकडाच्या ढिगामागे बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं तिला चक्कर आली.

"आत्या?"

"चुलाण बघ, माझ्याकडे नको बघू."

मी चाखून पाहिला. मी गिऱ्हाईक, तरी मलाही कळलं. पातळ चहाच्या रंगाचा, आणि गोडाच्या मागून काहीतरी येत होतं, ओल्या दगडासारखं, लोण्यासारखं, नाव न सापडणारं.

ती आत आली. "एकोणपन्नास वर्षं," ती म्हणाली, "मी या डोंगराच्या चुकीच्या अंगाला उभी होते."

आमच्या गावात मार्चच्या शेवटच्या शनिवारी चर्चच्या तळघरात जेवण असतं. लाकडी परातींत स्वच्छ बर्फ दाबून भरतात, त्यावर उकळता पाक ओततात. तो ताणला जाईल असा चिवट होतो, काट्याला गुंडाळून खायचा. तोंड फार गोड झालं की आंबट काकडी चावायची, वर साधा डोनट, आणि पुन्हा सुरुवात. गावात पाक काढणारी नऊ घरं. प्रत्येकाने एक डबा द्यायचा, डब्यावर नाव लिहायचं नाही. कुठला कुणाचा हे टेबलावरच्यांनी ओळखायचं आणि ज्याचा असेल त्याने गप्प बसायचं. आपला पाक आपण सांगणं म्हणजे आपल्याच लग्नात आपणच टाळ्या वाजवणं. आत्या चाळीस वर्षं तिथे गप्प बसत आली होती, कारण तिचा पाक दुसऱ्याच घासाला ओळखला जायचा. "ऑर्फाचा," कुणीतरी म्हणायचं, आणि ती काकडी चावत राहायची.

त्या दिवशी वरच्या राईचा पाक तिसऱ्या परातीवर पडला. बोलणं थांबलं.

"हा कुणाचा?"

"हॉजबाईंचा असेल."

"माझा? माझा असता तर मी एव्हाना गावाचं नाव बदलून घेतलं असतं," हॉजबाई म्हणाल्या.

"बाहेरून आणलाय कुणीतरी."

"ऑर्फाचा?"

"छे. ऑर्फाचा मी झोपेतसुद्धा ओळखेन. ऑर्फाचा जरा धुरकट असतो. हा तिच्या बापजन्मी तिला जमायचा नाही."

हे बोलणारा लाफ्लॅम. मला आजही वाटतं, तो ते बोलला नसता तर पुढचं काही झालं नसतं. पण तो तेव्हा मस्करी करत नव्हता. त्याला खरंच ओळखता आला नव्हता.

आत्याने काटा खाली ठेवला. उठून उभी राहिली. "माझा आहे," ती म्हणाली. "गडग्यापलीकडच्या राईचा."

खाली बर्फाच्या पराती आणि वर माणसांचे चेहरे, सगळं एकदम गार झालं. कुणीतरी खोकलं. आपला पाक आपण सांगितलेला तिथे कुणी कधी ऐकला नव्हता. आत्या बसली. कान लाल झाले होते.

तेव्हा शेजारच्या टेबलावरचा एक माणूस आपली खुर्ची उचलून आमच्याकडे आला. चाळिशीचा, स्वच्छ दाढी केलेला, नाव कर्टिस बेल. कुणाचा तरी पाहुणा म्हणून आला होता.

"मिस टेनी, एक विचारू? राईचं तोंड कुठल्या दिशेला?"

"आग्नेयेला. वरचा कडा उत्तरेचा वारा अडवतो."

"ऊन कधी पोचतं?"

"सव्वानऊला. खालच्या झाडांना दहा वाजतात."

"झाडं किती?"

"सहाशे अठरा मी टोचली. तेवढीच बारीक आहेत, ती अजून दहा-बारा वर्षं टोचायची नाहीत."

"आणि उतार? रस आपोआप खाली येईल?"

"पाणी सोडलं तर चर्चपर्यंत येईल," आत्या म्हणाली, आणि हसली. तिला मी तशी हसताना क्वचित पाहिलं होतं.

तासभर तो विचारत होता आणि ती सांगत होती. माती कुठे खोल आहे. कुठल्या झाडाला सकाळी रस येतो, कुठल्याला दुपारनंतर. बर्चची झाडं कुठे आहेत, बीचची कुठे. सव्वीसला एक, हेही सांगितलं, दोनदा. तिला इतके नीट प्रश्न आयुष्यात कुणी विचारले नव्हते. आम्ही सगळे तिचा पाक खाल्लेले लोक. आम्हाला वाटायचं तो काहिलीत होतो.

त्याच टेबलाच्या टोकाला वडील बसले होते. डोनट पाकात बुडवून खात होते. त्यांनी जेवण मध्येच थांबवलेलं मला दिसलं.

मे महिन्यात वडिलांनी तिला अंगणात गाठलं. मी पायरीवर वह्या तपासत होते.

"ऑर्फा, डोंगर विकला."

ती बादल्या उपड्या घालून वाळवत होती. "कुणाला? लाफ्लॅमला जळण लागलं का?"

"कर्टिस बेलच्या कंपनीला."

"किती झाडं कापतायत?"

"एकही नाही. न कापायचं त्यांनी स्वतःहून लिहून दिलंय."

तिच्या चेहऱ्यावर क्षणभर जे आलं ते मी पाहिलं, आणि पाहायला नको होतं असं नंतर वाटलं. ते सुख होतं.

"म्हणजे राहिली राई," ती म्हणाली.

"राहिली. वरची आणि खालची, दोन्ही. ते नळ्या टाकणार आहेत. प्लास्टिकच्या, झाडापासून झाडाला. पंप लावून ओढतात म्हणे. खाली टाकी, टाकीतून टँकर."

"टँकर कुठे जातो?"

"त्यांच्या कारखान्यात."

"आणि माझी काहील?"

वडील उपड्या बादल्यांकडे बघू लागले.

"लायमन, आपल्या बापाने काय सांगितलं होतं?"

"भोकाच्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही. नाही लावली. जा, एक तरी दाखव तोडलेलं." त्यांचा आवाज चढला. "रस तुझा, हे तो बोलला, बरोबर. पण झाड कुणी विकत घेतलं तर काय, हे तो बोलला नाही. मला राई विकायची होती. फक्त वरची. एकदा. तू भोकं पाडलीस. आता भोकाची राई भोकवाल्यालाच विकली जाणार, दुसरं कोण घेईल?"

"तुला सांगता आलं असतं मला. आधी."

"तू गिरमिट घेऊन गेलीस तेव्हा मला सांगून गेलीस?"

तिने आणखी एक बादली उपडी घातली. वडील थोडे शांत झाले आणि मग जे म्हणाले ते त्यांनी म्हणायला नको होतं. त्यांना ते ठाऊक होतं. "त्या जेवणात तू तोंड उघडलं नसतंस तर तो माणूस आपल्या डोंगराकडे फिरकलाही नसता. त्यानेच सांगितलं. म्हणाला, तुमच्या बहिणीने माझं अर्धं काम केलं."

आत्याने शेवटची बादली उपडी घातली. "चल, सरक," ती म्हणाली, "सावली पडतेय बादल्यांवर."

वडील आणि आई खालच्या गावात गेले. घर आणि गुऱ्हाळ विक्रीतून वगळलं होतं. ते आत्याला राहिलं. नोव्हेंबरात कंपनीची माणसं आली. महिन्याभरात दोन्ही रायांत निळ्या नळ्या कंबरेच्या उंचीवर पसरल्या, झाडाझाडांतून, खाली जाड होत होत, गुऱ्हाळाच्या भिंतीपासून वीस पावलांवरून जाऊन रस्त्याकडेच्या टाकीत. गडगा दोन ठिकाणी फोडावा लागला.

जानेवारीत कर्टिस बेल आत्याकडे आला. नळ्यांना खारी चावतात, फांद्या पडतात, जिथे गळती होते तिथून हवा आत शिरते आणि सगळ्या ओळीचा जोर जातो. रोज कुणीतरी चालत जाऊन, कान देऊन ती जागा शोधावी लागते. डोंगर ओळखणारं माणूस हवं होतं.

तिने हो म्हटलं. गावाला धक्का बसला. वडिलांना सगळ्यात जास्त. त्यांची कल्पना होती की ती कर्टिसला पायऱ्यांवरून ढकलून देईल, आणि मला वाटतं त्यांना तेच बरं वाटलं असतं.

"का गं, आत्या?" मी विचारलं.

"झाडांवर पाट्या लावल्यात त्यांनी. परवानगीशिवाय आत येऊ नये." तिने बुटांचे बंद आवळले. "परवानगी लागते मला."

पहिला रस सुटला त्या आठवड्यात मी तिच्याबरोबर गेले. कंपनीचं नारिंगी जाकीट तिला मोठं होत होतं. पट्ट्याला पक्कड, खिशात जोड. खाली पंपाचा घुंऽ असा आवाज एकसारखा येत होता. एरवी या दिवसांत बादल्यांत थेंब पडण्याचा आवाज असायचा, हजार बादल्यांचा, प्रत्येकीचा वेगळा. आता झाडं गप्प होती. नळीतून रस सरकताना दिसायचा, मध्ये हवेचे बुडबुडे, आणि ओंजळ धरायला कुठे जागाच नव्हती.

ती अचानक थांबायची, मान तिरकी करायची आणि सरळ चालत जायची. मला काही ऐकू यायचं नाही. पण तिथे चावलेली नळी असायचीच. कापायची, जोड घालायची, अंगठ्याने दाबून पाहायची, पुढे. एका शब्दाची कुरकुर नाही. इतकं चांगलं काम ती करत होती की मला तिचा राग आला.

अकराच्या सुमारास कर्टिस बर्फावरची स्कूटर घेऊन वर आला. आनंदात होता.

"मिस टेनी, या डोंगरासारखा डोंगर नाही! टँकर आज दोनदा भरला."

"कसा झाला?" आत्याने विचारलं.

"काय?"

"पाक. परवाच्या रसाचा झाला असेल ना आता. रंग कसा आला?"

"उत्तम. सगळा उत्तमच येतो आपला."

"सगळा नाही म्हणत मी. वरच्या राईचा. वेगळा काढला असेल ना थोडा. घासभर."

कर्टिसला पहिल्यांदा कळलंच नाही. मग तो हसला, वाईट हेतूने नाही. "वेगळा कसा काढणार, मिस टेनी? आठ डोंगरांचा रस एका टाकीत पडतो. यंत्र आधी पाणी काढून घेतं, मग एकत्रच उकळतो. चव सारखी यायला हवी ना, दर डब्याला. लोकांना तीच हवी असते."

"आठ," आत्या म्हणाली.

"पुढच्या वर्षी अकरा."

तो गेला. स्कूटरचा धूर झाडांत रेंगाळला. मी तिच्याजवळच्या नळीकडे पाहिलं. तिथे दात लागले होते, फुस्स असा आवाज आता मलाही येत होता. मी विचार केला, राहू देईल ती. निदान ही एक.

तिने पक्कड काढली. नळी कापली तेव्हा कापलेल्या टोकातून थोडा रस तिच्या हातमोज्यावर आला. तिने तो जाकिटाला पुसला, जोड घातला, अंगठ्याने दाबला आणि कान लावला. आवाज थांबला होता.

"उरलेली ओळ तू नको येऊ," ती म्हणाली. "तुझ्या चालण्याने मला ऐकू येत नाही."

मी गडग्याशी थांबले. ती एकटी वर गेली. त्या दिवशी तिने अकरा गळत्या बुजवल्या.